विद्यापीठाच्या वेशीवरचं घर : ख्रिस्ती अभ्यासकेंद्र चालवायचं म्हणजे काय करायचं?

१८२२ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या अहवालात विद्यापीठाचा संस्थापक आणि अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याने एक सूचना मांडली. विद्यापीठ सरकारी होतं, सगळ्या पंथांच्या मुलांसाठी होतं, म्हणून तिथे ईश्वरविज्ञानाचा प्राध्यापक नेमलेला नव्हता. त्यामुळे शिक्षणात एक पोकळी राहते, हे अहवालाने मान्य केलं होतं. तोडगा असा सुचवला होता की, पंथांनी आपापल्या शाळा विद्यापीठाच्या वेशीवर काढाव्यात. त्या इतक्या जवळ असाव्यात की तिथल्या मुलांना विद्यापीठातली व्याख्यानं ऐकता येतील आणि ग्रंथालय वापरता येईल. मात्र विद्यापीठापासून आणि एकमेकांपासूनही त्या स्वतंत्र राहाव्यात.

त्या काळात कोणत्याही पंथाने ही सूचना मनावर घेतली नाही. पुढे हे विद्यापीठ ज्या गावात आहे, त्या शार्लट्सव्हिलमध्ये १९६८ मध्ये सुरू झालेल्या एका कामातून 'सेंटर फॉर ख्रिश्चन स्टडी' उभं राहिलं आणि १९७०च्या दशकात विद्यापीठाला लागून असलेल्या घरात त्याने मुक्काम केला. आज कॉर्नेलजवळ चेस्टरटन हाऊस आहे, मिनेसोटा विद्यापीठाजवळ अँसेल्म हाऊस आहे, मॅडिसनमध्ये अप्पर हाऊस आहे, फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिलमध्येही केंद्र आहे. या केंद्रांचा आपसात एक संघही आहे.

अशा केंद्राच्या संचालकाचं काम नेमकं काय असतं, ते इथे मांडतो आहोत. संदर्भ अमेरिकेचा आहे, कारण ही चळवळ, तिचे कायदे आणि तिचा पैसा मुख्यतः तिथला आहे.

हे काय आहे आणि काय नाही

केंद्र चर्च नाही, विद्यापीठाचा विभाग नाही आणि विद्यार्थ्यांमध्ये सुवार्ताकार्य करणारी संघटनाही नाही. इंटरव्हर्सिटी अमेरिकेत १९४१ पासून आहे. कॅम्पस क्रूसेड १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सुरू झालं. त्यांचं काम विद्यार्थ्यांना एकत्र आणणं, बायबल अभ्यास घेणं, शिष्य घडवणं हे आहे आणि ते त्यात मुरलेले आहेत. केंद्राचा प्रश्न निराळा असतो. जीवशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र किंवा साहित्य शिकणाऱ्या माणसाने आपला विषय आणि आपला विश्वास एकाच डोक्यात कसा नांदवायचा? रविवारी एक भाषा आणि सोमवारी दुसरी, असं किती दिवस चालवायचं?

या विचाराची मुळं दोन ठिकाणी सापडतात. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरात फ्रान्सिस आणि ईडिथ शेफर यांनी 'लाब्री' सुरू केलं. तिथे कुणीही यावं, राहावं, जेवणाच्या टेबलावर हवे ते प्रश्न विचारावेत, अशी पद्धत होती. १९६८ मध्ये व्हँकूव्हरला रीजेंट कॉलेज स्थापन झालं. पाळक (चर्चचा धर्मगुरू) होणार नसलेल्या, नोकरी-व्यवसायातल्या ख्रिस्ती माणसालाही ईश्वरविज्ञानाचं गंभीर शिक्षण मिळावं, ही त्यामागची कल्पना. एकाकडून घर आलं, दुसऱ्याकडून अभ्यास आला. अभ्यासकेंद्र या दोन्हींचं अपत्य आहे, आणि यातली एक बाजू ढिली पडली की लगेच जाणवतं. नुसतं घर उरलं तर मोफत कॉफीचं दुकान होतं. नुसता अभ्यास उरला तर आणखी एक व्याख्यानमाला होते, आणि त्या विद्यापीठात आधीच भरपूर असतात.

म्हणून प्रत्येक नव्या कल्पनेला संचालकाने एक प्रश्न विचारावा : हे काम गावातली चर्चेस, कॅम्पसवरच्या संघटना किंवा विद्यापीठ यांच्यापैकी कुणी आधीच करतंय का? करत असेल तर आपण त्यांना जागा द्यावी, खुर्च्या द्याव्यात आणि बाजूला व्हावं.

पहिलं सेमिस्टर कान उघडे ठेवण्याचं

नवा संचालक आला की कार्यक्रमांची यादी घेऊन येतो. ती यादी कपाटात ठेवावी. पहिल्या तीन-चार महिन्यांत निदान ३० माणसांना एकेकटं भेटावं : १० प्राध्यापक, १० पाळक आणि कॅम्पसवर काम करणारे, १० विद्यार्थी. विद्यार्थ्यांपैकी निम्मे तरी पीएचडी किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमातले असावेत. सगळ्यांना एकच प्रश्न विचारावा : 'इथल्या मुलांचा असा कोणता प्रश्न आहे, ज्यासाठी कुणाकडेच वेळ नाही?' उत्तरं वहीत लिहून ठेवावीत. अभियांत्रिकीचा दबदबा असलेल्या विद्यापीठात आणि वैद्यकीय महाविद्यालय मोठं असलेल्या विद्यापीठात ही उत्तरं अगदी वेगळी येतात. दुसरीकडचा यशस्वी कार्यक्रम उचलून आणला की तो बहुतेकदा याच कारणाने पडतो.

या भेटींमध्ये प्राध्यापकांची नावं जपून वापरावीत. सहायक प्राध्यापकाचा कायम नेमणुकीचा निर्णय साधारण सहाव्या वर्षी होतो. तोपर्यंत त्याने केंद्राशी किती उघड नातं ठेवायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. त्याला विचारल्याशिवाय पत्रकावर नाव छापणं, फोटो टाकणं, देणगीदारांच्या पत्रात 'आमचे अमुक विभागाचे प्राध्यापक' असं लिहिणं, यातल्या एका चुकीने पाच वर्षांचा विश्वास जातो.

वाचनगट : केंद्राचं खरं इंजिन

मोठ्या व्याख्यानाला गर्दी होते, फोटो चांगले येतात. पण माणसं बदलतात ती वाचनगटात. म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

गटात ८ ते १२ माणसं असावीत. सहापेक्षा कमी असली तर एखाद्याच्या गैरहजेरीने बैठक कोसळते. चौदाच्या पुढे गेली तर चार जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. वेळ दीड तास, आणि संपवण्याची वेळ घड्याळाप्रमाणे पाळायचीच. सेमिस्टर सुमारे १५ आठवड्यांचं असतं, पण गट ६ आठवड्यांचा ठेवावा, फार तर ८. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू करून मधल्या परीक्षांचा आठवडा वगळावा. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला २५ ते ३० पानांच्या वर वाचन देऊ नये. ज्यांना रोज शंभर पानं वाचावी लागतात, त्यांना तुमची साठ पानं जमत नाहीत. न वाचता आलेला माणूस एकदा शरमून बसतो आणि दुसऱ्यांदा येत नाही.

पहिल्या गटासाठी बायबलमधलं उपदेशक हे पुस्तक फार सोयीचं पडतं. अध्याय बारा, आठवडे सहा, म्हणजे दर बैठकीला दोन अध्याय. श्रम, ज्ञान, पैसा, मृत्यू हे सगळे विषय त्यात आहेत, आणि विश्वास नसलेला विद्यार्थीही पहिल्याच अध्यायात स्वतःला सापडतो.

गट चालवणाऱ्याने तीन प्रश्न तयार करून यावं. पहिला मजकुरात काय लिहिलंय याचा, दुसरा ते खरं आहे का याचा, तिसरा आपल्या विषयाच्या अभ्यासात त्याने काय फरक पडतो याचा. क्रम बदलू नये. तिसऱ्यापासून सुरुवात केली की सगळे आपापली मतं मांडतात आणि पुस्तक बंदच राहतं.

गट बिघडतो तो ठरावीक जागी. चालवणारा व्याख्यान देऊ लागतो. ओळखायचं सोपं आहे : तो सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलतोय का, हे पाहायचं. किंवा तत्त्वज्ञानात पीएचडी करणारा एक जण खोलीतली सगळी हवा घेतो. त्याला बैठकीबाहेर गाठून पुढच्या वेळी पहिला प्रश्न विचारण्याचं काम द्यावं. विचारणाऱ्याला आपोआप ऐकावं लागतं. तिसरी जागा म्हणजे तिसरा आठवडा. तिथे गळती लागते. दुसऱ्या बैठकीनंतर प्रत्येकाला दोन ओळींचा व्यक्तिगत निरोप गेला तर ती बरीच थांबते. सगळ्यांना मिळून पाठवलेल्या संदेशाचा काही उपयोग होत नाही.

पदव्युत्तर आणि पीएचडीचे विद्यार्थी केंद्राचा कणा असतात, आणि बहुतेक केंद्रं ते उशिरा ओळखतात. पदवीचा विद्यार्थी चार वर्षांत जातो, त्यातलं पहिलं वर्ष रस्ता शोधण्यात आणि शेवटचं नोकरी शोधण्यात. पीएचडीवाला पाच-सहा वर्षं राहतो, शिकवतो, एकटा असतो, आणि पुढे प्राध्यापक होऊन दुसऱ्या विद्यापीठात जातो. त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी. त्यांना अठरा वर्षांच्या मुलांसोबत बसवलं की ते सौजन्याने दोनदा येतात.

व्याख्यानं

वक्त्याला निदान सहा ते नऊ महिने आधी बोलवावं. मानधन, प्रवास, मुक्काम, चित्रीकरणाची परवानगी हे सगळं लेखी ठरवावं. शक्य असेल तिथे विद्यापीठातल्या एखाद्या विभागाला सहयजमान करावं. त्यामुळे विषय आपोआप नेटका होतो, कारण विभागप्रमुख ढिसाळ मथळ्याला होकार देत नाही. भाषण ४० मिनिटं, प्रश्नोत्तरं ३५ मिनिटं, आणि सूत्रसंचालक असा असावा की जो भाषण देऊ पाहणाऱ्या श्रोत्याला हसून थांबवू शकेल.

'विद्यापीठाला उत्तर देणं' हाच प्रत्येक कार्यक्रमाचा सूर झाला, तर प्राध्यापक येणं बंद करतात आणि ते योग्यच करतात. वादविवाद भरवले की सभागृह भरतं, पण दुसऱ्या दिवशी वाचायला कुणी येत नाही. ख्रिस्ती विश्वासावर गंभीर आक्षेप असलेल्या अभ्यासकालाही वर्षातून एकदा बोलवावं आणि त्याला मनापासून पाहुणा मानावं. त्याच्या मांडणीतला जोरकस भाग विद्यार्थ्यांनी तुमच्याच छताखाली ऐकलेला बरा.

चित्रपट दाखवणार असाल तर सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो. घरी पाहण्यासाठी घेतलेली प्रत किंवा वर्गणी इथे चालत नाही.

कायद्याची वेस

संचालकाने वकील असण्याची गरज नाही, पण सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल त्याला माहीत हवेत. १९८१ चा विडमार निकाल मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचा आहे. सरकारी विद्यापीठ इतर विद्यार्थी गटांना खोल्या देत असेल, तर धार्मिक आशय आहे म्हणून एखाद्या गटाला ती नाकारू शकत नाही. १९९५ चा रोझेनबर्गर निकाल व्हर्जिनिया विद्यापीठातूनच आला. विद्यार्थी निधीतून इतर नियतकालिकांच्या छपाईचा खर्च दिला जात असेल, तर ख्रिस्ती दृष्टिकोनाच्या नियतकालिकाला त्याच कारणाने वगळता येणार नाही, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. २०१० चा मार्टिनेझ निकाल दुसऱ्या बाजूचा आहे. सभासदत्व आणि नेतृत्व सगळ्यांना खुलं हवं, असा नियम विद्यापीठाने प्रत्येक गटाला सारखा लावला असेल, तर मान्यता हवी असलेल्या धार्मिक गटालाही तो पाळावा लागेल.

खासगी विद्यापीठांची गोष्ट वेगळी आहे. धर्म आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती त्यांना बांधत नाही. त्यांचे स्वतःचे नियम वाचावे लागतात.

व्यवहारात याचा अर्थ असा. केंद्र ही स्वतंत्र नोंदणीकृत संस्था आहे आणि कॅम्पसवरचा मान्यताप्राप्त विद्यार्थी गट ही वेगळी गोष्ट आहे. दोघांची नावं सारखी असली तरी बँक खातं, नियमावली आणि संपर्कयादी वेगळी ठेवायची. विद्यार्थी गटाला मिळालेल्या निधीतून केंद्राच्या पाहुण्याचं तिकीट काढलं, की कधीतरी लेखापरीक्षक विचारतो, आणि त्या वेळी जेफरसनच्या अहवालातली वेस फार आठवते. विद्यापीठाचं नाव आणि बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरू नये. 'विद्यापीठाचं केंद्र' असं कधीच म्हणू नये, 'विद्यापीठाजवळचं' म्हणावं.

पैसा

बहुतेक संचालक अभ्यासक असतात आणि पैशाचं काम त्यांना नकोसं वाटतं. तरी आठवड्याचा निदान तिसरा हिस्सा त्यात जाणार, हे पद स्वीकारतानाच समजून घ्यावं. हे काम दुसऱ्यावर पूर्ण सोपवता येत नाही. देणगीदाराला संचालकाशीच बोलायचं असतं, कारण तो माणसावर विश्वास टाकत असतो.

करमाफीसाठी संस्था ५०१(सी)(३) या कलमाखाली येते. अर्ज फॉर्म १०२३ वर करायचा. स्थापनेपासून २७ महिन्यांच्या आत केला तर मान्यता स्थापनेच्या दिवसापासून लागू होते. चर्चला वार्षिक विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ९९०, भरण्यातून सूट आहे. अभ्यासकेंद्र चर्च नसल्याने त्याला ही सूट आहे असं गृहीत धरू नये. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर छोटी ऑनलाइन नोंद पुरते. जमा २,००,००० डॉलरच्या किंवा मालमत्ता ५,००,००० डॉलरच्या घरात गेली की पूर्ण फॉर्म भरावा लागतो. मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतर पाचव्या महिन्याची १५ तारीख. सलग तीन वर्षं भरला नाही तर करमाफी आपोआप रद्द होते, आणि स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणाऱ्या छोट्या केंद्रांना हा धोका खरोखरच असतो. २५० डॉलर किंवा जास्त देणगीला लेखी पोच द्यायची, आणि बदल्यात काही दिलं असल्यास ते तीत नमूद करायचं. निवडणुकीतल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात संस्थेच्या नावाने बोलायचं नाही, संचालकाच्या सहीच्या पत्रातही नाही.

घराचा तळमजला भाड्याने दिला किंवा दुकान काढलं तर मूळ कामाशी असंबद्ध उत्पन्नाचा प्रश्न येतो. असं उत्पन्न वर्षाला १,००० डॉलरवर गेलं की वेगळं विवरणपत्र लागतं. यातले अपवाद बरेच आहेत, म्हणून आधी हिशेबनीसाला विचारावं.

कायम निधीविषयी एक गैरसमज सगळीकडे असतो. दहा लाख डॉलरची देणगी आली की विश्वस्तांना वाटतं, आता चिंता मिटली. त्यातून दरवर्षी ४ ते ५ टक्केच खर्चायचे असतात, म्हणजे ४० ते ५० हजार डॉलर. एका पूर्णवेळ माणसाचा पगार आणि विमा त्यात बसत नाही. म्हणून पहिल्या दहा वर्षांत दरवर्षी न चुकता देणारी शंभर घरं कायम निधीपेक्षा जास्त मोलाची असतात. चार ते सहा महिन्यांचा खर्च हाताशी राखीव ठेवावा. देणग्यांचा मोठा भाग डिसेंबरमध्ये येतो आणि उन्हाळ्यात खातं आटतं. जुलैचे पगार डिसेंबरमध्येच बाजूला काढलेले असावेत.

अट घालून दिलेली देणगी त्याच कामासाठी वापरायची. 'तात्पुरते' दुसरीकडे वळवलेले पैसे परत जागेवर येत नाहीत. आणि एखादा देणगीदार अमुक वक्ता बोलवा किंवा अमुक विषय टाळा अशी अट घालू लागला, तर ती देणगी नम्रपणे परत करावी. विद्यापीठाचं गाव लहान असतं, कुणाच्या सांगण्यावरून काय झालं ते कळतंच.

विश्वस्त आणि विश्वासांगीकार

विश्वस्त मंडळात ९ ते १२ जण, तीन वर्षांची मुदत, एका वेळी एक तृतीयांश निवृत्त. एक-दोन प्राध्यापक, एक पाळक, एक हिशेब जाणणारा, एक इमारती आणि जमीनजुमला जाणणारा, काही माजी विद्यार्थी. संचालकाचं वार्षिक मूल्यमापन लेखी व्हावं. संस्थापक स्वतःच संचालक असेल तर हे हमखास टाळलं जातं आणि दहा वर्षांनी महागात पडतं.

केंद्र कोणाचं, हा प्रश्न पहिल्याच वर्षी कागदावर सोडवावा. नायसियाच्या मतांगीकारावर, म्हणजे मुख्य पंथांना समान असलेल्या प्राचीन विश्वासविधानावर, उभं राहायचं म्हटलं तर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट असे सगळे एका टेबलावर बसू शकतात. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेची विधानं त्यात घातली तर वर्तुळ लहान होतं. दोन्ही निवडी प्रामाणिक आहेत. आमचा कल पहिलीकडे आहे, कारण विद्यापीठात येणारी मुलं या सगळ्या घरांतून येतात. पण न ठरवणं ही सर्वांत वाईट निवड. मग एखाद्या कॅथलिक प्राध्यापकाचं नाव विश्वस्त म्हणून पुढे येतं, त्या दिवशी तत्त्वाचा वाद माणसावरून होतो आणि माणूस दुखावतो. या विश्वासांगीकारावर सही कोणी करायची तेही लिहावं : विश्वस्त आणि कर्मचारी. येणाऱ्यांकडून, वक्त्यांकडून, वाचनगटातल्यांकडून सही मागू नये. धार्मिक संस्थेला नोकरभरतीत आपल्या विश्वासाची माणसं निवडण्याची मुभा नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणात आहे, पण आपण तशी निवड करतो हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असावं.

चर्चेसशी नातं साध्या नियमांनी टिकतं. रविवारी सकाळी केंद्र बंद. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा केंद्रात होत नाहीत, ते मंडळीचं, म्हणजे चर्चच्या समुदायाचं, काम. विद्यार्थ्याने 'केंद्र हीच माझी मंडळी' म्हटलं की त्याला गोड बोलून एखाद्या चर्चच्या दारापर्यंत नेऊन सोडावं, शक्यतो पहिल्या रविवारी सोबत जावं. पाळकांना याची खात्री पटली की ते स्वतःच मुलं पाठवतात. शंका आली की थांबतात, आणि सांगतही नाहीत.

घर

टेबलं मोठी, खुर्च्या ताठ पाठीच्या, प्रत्येक जागेजवळ विजेचा सॉकेट. जुन्या घरात सॉकेट कमी असतात आणि मग वायरी जमिनीवर पसरतात, तेव्हा रंगकामाआधी वीजकाम. एक खोली पूर्ण शांततेची. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावा. धार्मिक संस्थांना अपंगत्व कायद्याच्या सार्वजनिक जागांच्या प्रकरणातून सूट असली, तरी दाराशी अडलेल्या विद्यार्थ्याला सूट सांगून काही होत नाही.

अंतिम परीक्षांच्या दोन आठवड्यांत रात्री बारा-एकपर्यंत उघडं ठेवावं. त्या दिवसांत एकही कार्यक्रम नाही. गरम जेवण, कॉफी, शांतता, बस्स. दारात नाव-पत्ता लिहून घेणारी वही ठेवू नये. अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या हातात पत्रक देऊ नये. तो तीनदा आला की चौथ्यांदा स्वतःच विचारतो, ही जागा कोणाची आहे. आदरातिथ्याच्या मागे हिशेब आहे असं वाटलं की विद्यापीठातला माणूस लगेच ओळखतो. रात्री बंद करताना दोन माणसं हवीत, एकटं कुणी थांबू नये.

राहण्याची सोय करायची असेल तर आधी नगरपालिकेचे नियम पाहावेत. कित्येक विद्यापीठी गावांत एका घरात नात्याने न जोडलेली किती माणसं राहू शकतात यावर मर्यादा असते. धार्मिक संस्थांच्या जमीनवापराला संरक्षण देणारा २००० सालचा संघीय कायदा आहे, पण तो न्यायालयात वापरण्यापेक्षा शेजाऱ्यांना आधी चहाला बोलवणं स्वस्त पडतं.

माणसाची काळजी

विद्यार्थी संचालकाकडे विश्वासाने येतात, आणि कधी प्रश्न पुस्तकाचा नसतो. इथे मर्यादा ठरलेली हवी. संचालक समुपदेशक नाही. गुप्ततेचं सरसकट वचन आधीच देऊ नये. 'तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल', हे बोलणं सुरू होतानाच सांगावं. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर ९८८ या राष्ट्रीय मदत क्रमांकाला विद्यार्थ्यासोबत बसून फोन करावा आणि विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राकडे सोबत जावं. धोका तातडीचा असेल तर ९११. प्रार्थना करावी, आणि त्याच तासात हेही करावं. बोलण्याच्या खोलीच्या दाराला काच असावी. प्रथम वर्षातली काही मुलं सतरा वर्षांची असतात, म्हणून लहान मुलांसोबत काम करण्याचे नियम इथेही लागू धरावेत आणि कर्मचारी, स्वयंसेवक सगळ्यांची पार्श्वभूमी तपासणी व्हावी.

मोजायचं काय

विश्वस्तांना आकडे लागतात आणि ते मागण्यात चूक नाही. पण व्याख्यानाला किती आले हा आकडा सर्वांत कमी सांगतो. त्याऐवजी चार गोष्टी नोंदवाव्यात : वाचनगटाच्या तिसऱ्या बैठकीला किती टिकले, शेवटच्या बैठकीला किती, कोणत्या विभागांतून आले, आणि पहिल्या वर्षी भेटलेल्यांपैकी किती जण दोन वर्षांनी स्वतः गट चालवू लागले. माजी विद्यार्थ्यांना पदवीनंतर पाच वर्षांनी एक पत्र पाठवावं : अजून मंडळीत आहात का, आपल्या कामाविषयी अजून विचार करता का, आमच्याकडे काय चुकलं? उत्तरं थोडी येतात, पण केंद्र काय करतंय हे त्यांच्यातूनच कळतं.

पहिल्या दिवसापासून आणखी एक जाडजूड फाइल भरत राहावी. कोणत्या प्राध्यापकाचं नाव छापायचं नाही, कोणत्या देणगीला कोणती अट आहे, फॉर्म ९९० कोण भरतो, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची दुरुस्ती कोण करतो, कोणता पाळक रागावला होता आणि का, कोणता गट तिसऱ्या आठवड्यात बसला. संचालक बदलतो तेव्हा विद्यापीठ, चर्चेस आणि देणगीदार हे तिघेही वर्षभर वाट पाहत थांबतात. नव्या माणसाच्या हातात ही फाइल असली तर ते वर्ष सहा महिन्यांत उरकतं.